इसिनोफिलियाचे पेढे

शिंप्याच्या घरात चिंध्या मुद्दाम कुणी साठवत नाही. कापता कापता एक तुकडा खाली पडतो, कुणीतरी तो पायानं मशीनखाली सरकवतो, आणि वर्षभरानं बघावं तर पिशवी फुगून तिची दोरी तटतटलेली! किस्स्यांचंही तसंच होतं. मी शाळेची पायरी चढले नाही, पण आमच्या वठाराची ती पिशवी माझ्याकडे आहे. त्यात हात घालून नुसते खोकल्याचे तुकडे काढायचे म्हटलं तरी मूठ भरते.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं बांधलेली भाड्याची घरं, मधोमध सगळ्यांचा मिळून एक नळ. आमचं चामराजपेटेत होतं. आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे. मराठी घरात आणि कन्नड नळावर. घरात चार माणसं: सासूबाई, आमचे हे, माझी नणंद वत्सला आणि मी. ह्यांना सगळं वठार अण्णा म्हणायचं, म्हणून इथे मीही अण्णाच म्हणते. तेवढंच जरा मोकळं वाटतं!

त्या काळी खोकला ही लपवायची वस्तू होती. कुणी खोकलं की सगळ्यांच्या मनात एकच नाव यायचं, आणि ते कुणी उच्चारायचं नाही. क्षय म्हणायचं नाही, ‘ते’ म्हणायचं. ‘त्यांच्याकडे ते आहे म्हणे.’ एवढ्यावर सोयरिकी मोडत. आमच्या मालकीणबाई पुट्टम्मा पहाटे नळावर उभ्या राहून कान लावायच्या आणि ओरडायच्या, “यार मने केम्मु अदु?” म्हणजे, कुणाच्या घरचा खोकला तो?

सगळी घरं एकदम चिडीचूप!

त्या वर्षी तो खोकला आमच्या घरचा होता. वत्सलाचा. आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

*

सासूबाईंनी पहिली युक्ती काढली ती अशी. औषध तर हवं, आणि ते शेजारी मागायचं तर खोकला कुणाचा हे सांगायला हवं. लग्नाच्या मुलीचं नाव कसं घ्यायचं?

“सुंद्रे,” त्या मला म्हणाल्या, “तुझं लग्न झालंय ना?”

“झालंय की.”

“मग तू खोक!”

त्या दिवसापासून खोकला वत्सलाचा आणि नाव माझं. नळावर गेले की मी दोनदा खोकायची. पुट्टम्मांनी दोड्डपत्रेची पानं दिली, म्हणजे आपली ओव्याची. कोपऱ्यातल्या घरातून मिऱ्याचा काढा आला. एवढ्यावर भागलं असतं, पण पुट्टम्मा काढा प्यायलेला बघितल्याशिवाय उठायच्या नाहीत. मग मी त्यांच्या समोर वाटीभर प्यायची, आणि त्या गेल्या की वत्सला उरलेला प्यायची. खोकला तिचा तसाच राहिला, पोटात आग माझ्या पडली.

बातमी बेंगळूरच्या बाहेर जायला किती वेळ लागतो? माझी आई आनेकलहून आली ती दारातच रडत. “माझ्या लेकीला ‘ते’ झालं आणि मला कुणी कळवलं नाही!”

सासूबाईंनी तिला आत ओढलं, दार लावलं, पाणी दिलं, पुरणाचे होळगे वाढले आणि कानात सगळं खरं सांगितलं. आईनं डोळे पुसले, दुसरा होळगा घेतला आणि मला म्हणाली, “मग नीट खोक की! मघाशी नळावर ऐकलं, अगदीच खोटं वाटतं.”

*

स्थळ आलं राजाजीनगरचं. तेव्हा राजाजीनगर म्हणजे नवं, गावाबाहेरचं. मुलगा नारायण तिथल्याच एका कारखान्यात लागलेला. वडील शंकरराव, आई राधाबाई. मराठी, आपल्यातलेच.

वत्सलाला खोकल्याची उबळ यायची ती दिवेलागणीपासून पुढे, आणि हे लोक येणार ते दिवेलागणीलाच. अण्णा म्हणाले, “मी मशीनवर बसतो. ती खोकायला लागली की मी मशीन चालवीन. आमच्या मशीनपुढे आगगाडीसुद्धा ऐकू येत नाही.”

“पण पाहुण्यांसमोर शिवायला बसायचं म्हणजे…” मी म्हटलं.

“काहीतरी निमित्त निघेल.”

निमित्त निघालं. शंकररावांच्या कोटाचं बटण लोंबत होतं. सासूबाईंनी लगेच हात पुढे केला. “द्या इकडे, मुलगा आत्ता लावून देतो.” कोट अण्णांच्या मांडीवर आला. वत्सला उप्पीट घेऊन बाहेर आली, बशा ठेवल्या, आणि तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं की आता येते उबळ!

अण्णांनीही ओळखलं. सुईखाली तर काहीच नव्हतं. त्यांनी हाताला आलं ते सुईखाली घातलं आणि पाय मारला. खडखडखडखड! वत्सला आत पळाली. थोड्या वेळानं बाहेर आली, परत उबळ, परत खडखड. असं चार वेळा तरी झालं. शंकरराव मोठ्यानं ओरडून बोलत होते, सासूबाई ओरडून उत्तरं देत होत्या, आणि शब्द कुणाचाच कुणाला कळत नव्हता.

मुलगा मात्र काही बोलेना. तोंडात लवंग धरून बसलेला. दोनदा उठून अंगणात गेला. आल्यावर म्हणाला, “तुळस छान आहे तुमची.”

आमच्या अंगणात तुळस नव्हती. नळ होता. आम्ही म्हटलं, लाजाळू आहे बिचारा.

कोट घडी करून हातावर टाकून मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी शंकररावांचा निरोप आला. तो आणणाऱ्यानं जसाच्या तसा सांगितला: “बाहीतून हात बाहेर येत नाही, पण स्थळ पसंत आहे. पाहुणे आले तरी काम न सोडणारं घर आम्हाला हवंच होतं!”

*

होकार आला आणि घरातली झोपच उडाली. लपवालपवी बघण्यापुरती ठीक. आता मुलगी द्यायची होती. आणि वत्सला वाळत चालली होती. रात्र रात्र बसून काढायची. नारायण तिच्या मनात भरला होता, हे मला तिनं न सांगताच कळलं, कारण ती सारखी म्हणायची, “वैनी, त्यांना नको म्हणून कळवा. मला ‘ते’ असलं तर?”

अण्णा उठले आणि तिला मूर्ती डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो काढून आणायला सांगितला, छातीचा. फोटो आला तर दोन्ही बाजूंना बारीक बारीक ठिपके, रवा सांडल्यासारखे!

सासूबाईंनी ती काळी फिल्म खिडकीशी धरली. खूप वेळ बघितली. मग पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि पुसायला लागल्या.

“आई, काय करताय?” अण्णा म्हणाले.

“कापसाची धूळ असेल रे. शिंप्याच्या घरची पोर. पुसलं की जाईल.”

पुसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी त्यांच्या हातातून फिल्म काढून घेतली. तेवढा एक तुकडा पिशवीतून निघाला की मी अजून हसत नाही.

*

मूर्ती डॉक्टर म्हणाले, “नुसत्या फोटोवर मी काही बोलणार नाही.” त्यांनी वत्सलाच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्ताचा थेंब ओढला, त्याला रंग लावला आणि आत जाऊन दुर्बिणीला डोळा लावून बसले. दवाखान्यात एक लांब बाक होता. त्यावर आम्ही, आणि आमच्या पलीकडे बाकीचे रोगी.

डॉक्टर बाहेर आले. “इसिनोफिलिया,” म्हणाले.

सासूबाईंना एकच विचारायचं होतं. “म्हणजे ते?”

“ते नाही.”

“नक्की ते नाही?”

“अम्मा, ऐका. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यात बऱ्याच जाती. त्यातली ही एक जात शंभरात दोनचार असली की पुरते. तुमच्या मुलीच्या रक्तात निम्म्याच्या वर तीच बसली आहे. म्हणून छातीत दम, म्हणून रात्रीचा खोकला, म्हणून फोटोत ठिपके.”

सासूबाईंनी विचार केला. “म्हणजे पंगतीला जेवणारे कमी आणि वाढपीच जास्त?”

“तसंच समजा. आणि वाढपी आपापसात भांडतायत. औषध दिलं की निघून जातील.”

अण्णांनाही त्यांनी दुर्बिणीतून बघू दिलं. त्या पेशींत म्हणे लाल लाल दाणे भरलेले असतात. अण्णा बघतच राहिले. “काय सुरेख बुट्टी आहे! असं कापड चिकपेटेत मिळणार नाही.” बहिणीच्या रोगाचं असं कौतुक करणारा भाऊ मी दुसरा पाहिला नाही!

सासूबाई कुठे आहेत म्हणून बघते तर बाकावर नाहीत. समोरच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि बाकावरच्या एकेकाच्या हातावर पेढा ठेवत निघाल्या. एका म्हाताऱ्यानं पेढा तोंडात टाकला आणि हसून विचारलं, “मुलगा झाला काय?”

“नाही हो, इसिनोफिलिया झाला!”

“छान, छान,” म्हातारा म्हणाला. “देवाची कृपा.”

डॉक्टरांपुढेही पुडा धरला. त्यांनी हात जोडले. “अम्मा, आजाराचा पेढा मी खात नाही. इतक्या वर्षांत कुणी दिलाही नव्हता!”

*

औषध निघालं इंजेक्शनाचं. पुढे त्यावर गोळ्या आल्या, पण तेव्हा इंजेक्शनच. सासूबाईंनी विचारलं, “ह्यात असतं काय?” डॉक्टर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, “सोमलापासून बनवलेलं औषध आहे. अगदी स्वल्प असतो.”

“सोमल? उंदरांना घालतात तो?”

“तोच, पण मापात.”

सासूबाई वत्सलाच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या. “माझ्या लेकीला सोमल देणार? तो बाधणार नाही हे कशावरून?” मग मागे वळल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“सुंद्रे, हात पुढे कर!”

डॉक्टर सिरिंज खाली ठेवून म्हणाले, “अम्मा, सून म्हणजे उंदीर नव्हे.”

*

पहिल्या काही इंजेक्शनांतच वत्सला रात्रीची झोपायला लागली. आधी मला वाटलं, काहीतरी झालं. इतकी शांतता! उठून तिच्या नाकाशी हात धरून बघितला. श्वास चालू होता, गाढ.

आता लपवायचं कारणच उरलं नाही. सासूबाईंनी नळावर जाऊन जाहीर केलं, “आमच्या वत्सलाला इसिनोफिलिया होता.” मला माझा खोकला परत देऊन टाकायला मिळाला. आणि वठारात चमत्कार झाला! बाहेर आलेल्या खोकल्यांनी अंगण भरलं. कोपऱ्यातल्या घरचा बाहेर आला, जिन्याखालच्या घरचा बाहेर आला. सगळे म्हणायला लागले, “आम्हालाही तेच असणार.” इतका मानाचा रोग आजवर आला नव्हता.

पुट्टम्मासुद्धा दवाखान्यात जाऊन बोट टोचून आल्या. वर्षानुवर्षं त्याही खोकत होत्या, पण मालकिणीला कोण विचारणार? परत आल्या त्या फणफणत.

“एनम्मा, काय म्हणाले डॉक्टर?” मी विचारलं.

“म्हणे शंभरात दोन! भाडेकरूच्या मुलीला पन्नासाच्या वर, आणि ननगे बरी एरडेना?” मला नुसते दोनच का, म्हणून त्या डॉक्टरांशी भांडून आल्या होत्या! डॉक्टरांनी त्यांना तपकीर सोडायला सांगितली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते आम्हाला त्यांच्या शिंका थांबल्या तेव्हा कळलं.

*

एक गोष्ट उरली होती. राजाजीनगरला सांगायची.

सासूबाई म्हणाल्या, “आता बरी झाली, कशाला बोलायचं?” अण्णा म्हणाले, “डॉक्टर सांगतायत की परत वाढू शकतो. उद्या सासरी रात्री उबळ आली तर मी मशीन घेऊन तिकडे जाऊ काय?” तेव्हा कुठे सासूबाई तयार झाल्या. पण वत्सलाचा जीव टांगणीला. ती मला म्हणाली, “वैनी, ऐकून ते नको म्हणाले तर मला येऊन लगेच सांगा. दारातच सांगा. आत येऊन पाणी पिऊन मग सांगू नका.”

आम्ही तिघं गेलो. नवं घर, मोठी खोली, आणि कोपऱ्यात हा एवढा रेडिओ. आम्ही बसलो न बसलो तोच शंकररावांनी त्याचा आवाज वाढवला. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम चालला होता. भेंडीवरची कीड, रागीचा पेरा, सगळं खिडक्या थरथरतील एवढ्या आवाजात!

“शेती आहे का तुमची?” सासूबाई ओरडल्या.

“नाही, आवड आहे!” शंकरराव ओरडले.

थोडा कमी करायचे, परत वाढवायचे. कमी, परत मोठा. नारायण आतल्या खोलीत होता. राधाबाई दाराशी पदराचं टोक पिळत उभ्या. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा रेडिओकडे बघत होते, एका कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं तसे.

सासूबाईंनी मनाचा हिय्या केला आणि भेंडीच्या किडीवर आवाज चढवून म्हणाल्या, “आमच्या मुलीला खोकला होता! रात्रीचा! तुमच्यापासून लपवला! मशीन त्यासाठीच चालवलं! पण ‘ते’ नाही, रक्त तपासलं, इसिनोफिलिया निघाला, औषधानं बरा झाला! आता तुम्ही काय ते ठरवा!”

राधाबाई पुढे आल्या आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

मग आतून नारायणाचा खोकला आला. किती दिवसांचा कोंडलेला असेल कोण जाणे! पहिल्यांदा घाबरत, मग मोकळा, पोटापासून. आम्ही सगळे जागच्या जागी ऐकत राहिलो. खोकून संपल्यावर तो दारात आला, डोळे लाल, आणि म्हणाला, “तुळस नव्हती, मला माहीत होतं.”

राधाबाई रडायला लागल्या. “विहीणबाई, तो डॉक्टर कुठे बसतो?”

*

आता आमच्या सासूबाईंचं बघा. येताना हात जोडत आलेली मुलीची आई. राधाबाईंचं रडणं संपेपर्यंत ती पार बदलली! पाठ ताठ करून म्हणाल्या, “आमच्या मुलीचं काय आहे ते ठाऊक झालंय. तुमच्या मुलाचं आधी कळू दे. इसिनोफिलिया निघाला तर लग्न. दुसरं काही निघालं तर मी मुलगी देणार नाही.”

शंकरराव म्हणाले, “म्हणजे मुलाला रोग पाहिजे?”

“पाहिजे! आणि हाच पाहिजे!”

मी दारातच वत्सलाला सगळं सांगितलं. मंगळवारी ती बनशंकरीच्या देवळात लिंबाचा दिवा लावायला मला घेऊन गेली. अर्ध्या लिंबाची साल उलटी करून तिनं वात घातली, तूप घातलं, डोळे मिटले. ओठ हलत होते ते मला दिसत होतं. माणसं देवीकडे काय काय मागतात! मुलगा, नोकरी, पाऊस. आमची वत्सला मागत होती, “त्यांना इसिनोफिलिया असू दे.”

मूर्ती डॉक्टरांनी नारायणाच्या बोटाचा थेंब काचेवर घेतला आणि आत गेले. बाकाच्या एका टोकाला राधाबाई, दुसऱ्या टोकाला सासूबाई, मधे आम्ही. शंकररावांच्या अंगात तोच कोट, बाही उसवून परत शिवलेली. सासूबाईंच्या पदराखाली काहीतरी चौकोनी होतं. मी विचारलं नाही. उघडायची वेळ येते की तसंच घरी न्यायची, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं?

डॉक्टर आत खूप वेळ लावत होते. नारायणाला उबळ आली. कुणी काही लपवलं नाही. फक्त अण्णांचा पाय जमिनीवर आपोआप हलायला लागला, मशीनचं पायटं मारावं तसा. ते बघून वत्सलाला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं, कारण आतली खुर्ची सरकली होती.

डॉक्टर दारात आले. चेहऱ्यावर काही नाही. चष्मा काढला, सावकाश पुसला, परत लावला. नारायणाकडे बघितलं नाही, राधाबाईंकडे बघितलं नाही. सरळ सासूबाईंच्या पुढे येऊन उभे राहिले आणि हात पसरला.

“अम्मा, पेढा.”